मुलाकातीच्या दिवशीचं संत्रं

संपादकांचा फोन आला. "बाबारावजी, जेलमधले गमतीचे किस्से लिहून द्या. दिवाळीत लोक हसले पाहिजेत." मी म्हटलं, देतो. जेलच्या गेटावर मी इतकी वर्षं उभा होतो की माझ्या जागी निंबाचं झाड असतं तर सरकारनं त्यालाही पेन्शन मंजूर केली असती. किस्से माझ्याजवळ पोत्यानं आहेत. त्यातले खरे किती, असं माझी बायको विचारते. ती कधी गेटावर उभी राहिली नाही, म्हणून तिला विचारता येतं.

जेल कोणती ते मात्र विचारू नका. पांढुर्णा, सौंसर, मध्य प्रदेशातल्या याच मराठी पट्ट्यातली कुठलीशी धरा. पेन्शन सुरू आहे. ती बंद करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते मराठी वाचत नाहीत असा माझा अंदाज आहे, पण नुसत्या अंदाजावर पेन्शन पणाला लावण्याइतका मी शूर नाही.

माझा हुद्दा प्रहरी. म्हणजे शिपाईच, पण जेलचा. पोलीस माणूस आणून देतो आणि मोकळा होतो. आम्ही त्याला सांभाळतो, जेवू घालतो, रोज संध्याकाळी मोजून कोंडतो. माझ्याकडे खास काम तलाशीचं. कैद्याला भेटायला घरचे येतात, त्याला आम्ही मुलाकात म्हणतो. घरचे रिकाम्या हातानं कधी येत नाहीत, आणि जे काही आणतात ते आत जाण्याआधी माझ्या हाताखालून जातं. साबण मधोमध कापायचा. चपलेचा तळ वाकवून पाहायचा. चटणीत काडी फिरवायची. भाकर मोडायची, आणि मोडली की आतल्या कैद्याच्या शिव्या ऐकायच्या, की शिपायानं अर्धी खाल्ली.

माझं नाक त्या काळी असं होतं की तिगाव स्टेशनावर कोणी चिलीम पेटवली तर इकडे मला शिंक यायची. लागोपाठ दुसरी आली तर समजायचं, माल ओडिशाचा आहे. एका बाबाच्या जटेतून मी चिलीम काढली, मग माचिस काढली, मग कंगवा काढला. जटेत कंगवा पाहून मीच चाट पडलो. शेवटी एक सरडा निघाला. तो जिवंत होता आणि डोळे अर्धे मिटून इतक्या समाधानानं बसला होता की, याचंही मेडिकल करावं लागते का, असं तेव्हाच्या जेलरनं मला खरंच विचारलं.

बोरगावच्या एका सासूनं जावयासाठी रोडगे आणले. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वरून दगडासारखे आणि आतून मऊ. हे आतूनही टणक लागले. फोडले तर एकेकात बिडीचं बंडल, कोळसा झालेलं. जाळीपलीकडून जावई रडकुंडीला आला. "मामी, बिड्या जयल्या ना सगळ्या." सासू म्हणाली, "मंग तूप लावून खाय."

आता आमच्या खात्याची एक रीत सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जेल संत्र्याच्या मुलखातली. मुलाकातीच्या निम्म्या पिशव्यांत संत्री. शिपाई त्यातलं एखादं टपोरं फळ उचलायचा, नाकाशी न्यायचा, तोंड वाकडं करून म्हणायचा, "सडका आहे," आणि बाजूच्या टोपलीत टाकायचा. ड्यूटी सुटली की टोपली घरी. नातेवाईक सगळं समजायचे आणि गप्प बसायचे. मी त्यातली खाल्लीच नाहीत असं म्हणत नाही. आंबिया बहाराची मला जरा आंबट लागतात, एवढंच.

मग रीवाकडून बदलून एक नवे जेलरसाहेब आले. माणूस सरळ. या टोपलीची तक्रार त्यांच्या कानावर गेली. त्यांनी टोपली फेकून दिली, गेटाच्या वर कॅमेरा लावला आणि आम्हाला उभं करून हिंदीत सांगितलं, कैद्याच्या घरच्यांचं एक फळ जरी कमी झालं तरी तुम्हाला मला जाब द्यावा लागेल. माझ्या घरी त्या हंगामात संत्री विकत आणावी लागली. बायकोला वाटलं मी सस्पेंड झालो.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गांजा ओढायचे. तेव्हा गांजाचं लायसनचं दुकान असायचं. मोठे बाबा टोपी घालून जायचे, पुडी घेऊन यायचे, दुकानदार त्यांना राम राम करायचा. मग कायदा आला आणि दुकान बंद झालं. मोठे बाबा काही बंद झाले नाहीत. काल जो गिऱ्हाईक होता तो आज गुन्हेगार झाला, आणि त्याला कोणी कळवलंही नाही. भांगेच्या दुकानावर आमच्या मध्य प्रदेशात आजही सरकारी पाटी असते आणि दारूच्या दुकानापुढे रांग. हे मी कायद्याला नावं ठेवायला सांगत नाही. त्याच कायद्याची रोटी मी जन्मभर खाल्ली. पण मोठे बाबा म्हातारपणानं आणि खोकल्यानं गेले. पावडरनं लोक जातात ते मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पाहिलं, आणि ते अगदी वेगळं आहे.

पावडर म्हणजे गर्द. नितेश त्यातच आला.

नितेश रामाकोना गावचा. संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. दूरच्या मंड्यांपर्यंत माल न्यायचा, कंबर धरायची, कोण्या ढाब्यावर कोणीतरी सांगितलं की एक झुरका मार, दुखणं जाते. दुखणं गेलं. पोलिसांनी त्याला धरला तेव्हा खिशात दोन पुड्या होत्या, स्वतःला ओढायच्या. इतक्याशा मालाला जमानत होते, पण जमानतीला जमीनवाला माणूस लागतो, जो आपली जमिनीची पुस्तिका कोर्टापुढे ठेवील. ट्रकचा मालक म्हणाला, पाहू. तो पाहीपर्यंत नितेश आमच्याकडे.

पावडरवाल्याचे आतले पहिले दिवस कसे असतात ते सांगतो. यात मी काही वाढवत नाही, वाढवायला जागा नाही. नाक वाहतं, डोळे वाहतात. पोटात पीळ पडतो. जुलाब, ओकाऱ्या. हाडं आतून कोणी पिळल्यासारखी होतात, त्याला कैदी अंग तुटणं म्हणतात. झोप नाही. नितेश भिंतीला पाठ घासून घासून सोलून घ्यायचा. बराकीतले लोक ओरडायचे, "सिपाहीजी, याले दुसरीकडे न्या, आमाले झोपू द्या." आमच्या कंपाउंडरकडे गोळ्या दोन रंगांच्या, पांढरी आणि पिवळी. पांढरी दिली. ती ओकून पडली. मग पिवळी दिली.

त्याची आई सिंधूबाई. नवरा नाही. संत्र्याच्या वखारीत फळ निवडायचं आणि पेट्या भरायचं काम. अंगानं काटकुळी, पण हात असे चालायचे म्हणे की पेटी भरून झाली तरी खिळे मारणारा बिडीच पेटवत असायचा. पहिल्या मुलाकातीला आली तेव्हा नितेशला दोघांनी धरून जाळीशी आणला. त्यानं जाळीला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "आई, मले आणून दे, नाहीतर मी मरतो."

ती माझ्याकडे आली. "भाऊ, जयभीम. माह्या पोराले दवाखान्यात न्या ना."

"नेऊ ना बाई. साहेबानं लिहून पाठवलं आहे."

"कधी नेसान?"

"गार्ड आला की."

कैद्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं तर पोलिसांचा गार्ड लागतो. गार्ड दुसऱ्या बंदोबस्तात होता. जेलरसाहेबांनी माझ्यासमोर फोन केला. पलीकडून उत्तर आलं, सोमवारी पाहू. सोमवारी कोण्या नेत्याची सभा निघाली.

सिंधूबाई म्हणाली, "मी नेतो ना भाऊ. माह्यासंगं द्या. पयून गेला तर मले आत टाका."

मी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं.

पुढच्या मुलाकातीला ती आली. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. लोकांच्या पिशव्या म्हणजे कोंबून भरलेल्या असतात, वर चप्पल, खाली चिवडा. हिची पिशवी म्हणजे पेटीच. खाली तणस, वर संत्र्यांचा थर, मध्ये पुन्हा तणस. प्रत्येक फळाचं देठ खाली. पेटी भरणारे तसंच ठेवतात. मी म्हटलं, वा, जेलात नाही, परदेशात माल पाठवून राहिली. आणि हात फिरवता फिरवता एका फळाशी थांबला. त्याचं एकट्याचं देठ वर होतं.

उचललं. संत्र्याच्या सालीत आणि फोडींत जरा पोकळी असते, अंगठा दाबला की साल खाली बसते. ही बसली नाही. देठाभोवती बारीक चीर होती, डिंकानं चिकटवलेली. फळ देठावर ठेवलं असतं तर डिंक सुटला असता, म्हणून वर.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

वर कॅमेरा. पलीकडे आपल्या खोलीच्या दारात जेलरसाहेब, कोण्या वकिलाशी बोलत उभे. कॅमेऱ्याला दिसतं, ऐकू येत नाही. मी फळ नाकाशी नेलं आणि म्हटलं, "बाई, हा संत्रा सडका आहे. घेऊन जाय घरी. गाईले टाक."

आता जो माणूस आयुष्यभर चांगल्या फळाला सडकं म्हणत आला, त्याच्यावर त्या एका दिवशी कोण विश्वास ठेवील?

"सडका?" ती म्हणाली. "माह्या हातचा?"

"हो बाई. बास मारून राह्यला. ने घरी."

"दाखवा बरं कुठी सडला. भाऊ, मी वखारीत केस पिकवले. माह्या पेटीत आजवर एक सडका फळ गेला नाही. दिल्लीचा व्यापारी माह्या हातची पेटी उघडून पाहत नाही. तुमाले खायाचा असन तर दुसरा घ्या, हे सगळे घ्या. हा पोराले जाऊ द्या."

"बाई, हळू बोल. समजून घे. घरी ने म्हणतो."

"नाही नेत."

घरी ने हे मी तोंडदेखलं म्हणतो, खरं तर संत्रं लुबाडतो आहे, असं तिला वाटलं. आणि नेमकं तेच तिला सोडता येत नव्हतं. तिचा आवाज चढला तसे जेलरसाहेब वळले. शिपाई, बाई आणि संत्रं. त्यांना जे दिसायचं तेच दिसलं.

"फिर वही, बाबाराव?"

"नाही साहेब, सडा है, वापस दे रहा हूँ."

"लाओ. मैं देखता हूँ सडा है कि नहीं." तिच्याकडे वळून ते अगदी मायेनं म्हणाले, "माताजी, आप चिंता मत करो. आपका एक भी फल यहाँ कोई नहीं खाएगा."

ती "नका, साहेब" म्हणाली. तोवर साहेबांनी नख लावलं होतं. एका गरीब बाईला न्याय मिळावा म्हणून त्यांनी ते संत्रं स्वतःच्या हातानं सोललं, आणि सालीखालच्या पोकळीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुडी खाली टेबलावर पडली.

साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते माझ्याकडे पाहत होते. मी काय करत होतो ते त्यांना कळलं होतं, आणि वकील उभा होता, कॅमेरा उभा होता.

"किसने दिया?" त्यांनी विचारलं. विचारताना ते तिला वाट करून देत होते. "रास्ते में किसी ने पकडा दिया होगा ना? किसी ने बोला होगा, मेरे आदमी को भी दे देना?"

सिंधूबाईनं पदर सारखा केला. "नाही साहेब. मीच भरला. पोरगा तुटून राह्यला. तुमचा गार्ड आला नाही, म्हून मी आणली. त्याचा जीव गेल्यावर संत्रे खाऊन काय करीन थो?"

कुठून आणली, तेही तिनं सांगितलं. जिथून पोरगा घ्यायचा तिथूनच. विचारत गेली आणि अर्ध्या दिवसात पोचली. विकणारा तिला मावशी म्हणाला आणि सांभाळून जा म्हणाला. पोलीस नंतर तिथं गेले तेव्हा कुलूप होतं.

त्या दिवशी रामाकोन्याला जायची तिची बस चुकली. आमच्या जेलात बायकांसाठी एकच खोली. ती तिथं गेली, आणि भिंतीपलीकडे तिचा पोरगा.

पोरगा मात्र सुधारला. न पुडी, न गार्ड, न दवाखाना. आठवडा कसाबसा काढला आणि एका सकाळी त्यानं भाकर मागितली, मग दुसरी मागितली. चेहऱ्यावर मांस चढलं. आई आत आहे हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं हातातली थाळी खाली ठेवली. थोड्याच दिवसांत मालकानं जमिनीची पुस्तिका कोर्टात ठेवली. हंगाम ऐन भरात होता आणि ड्रायव्हर मिळत नव्हते. नितेश सुटला.

आईसाठी कोण येणार? ओढणाऱ्याची लोकांना कीव येते, पण जेलात माल नेणारी बाई म्हटलं की लोक दूर होतात. पहिला जमानत अर्ज फेटाळला गेला. जेलमध्ये नशा पोचवणं गंभीर आहे, असं कोर्ट म्हणालं. आहेच ते गंभीर. मी जन्मभर तेच तर अडवत होतो.

नितेश दोन-तीनदा मुलाकातीला आला. स्वच्छ शर्ट घालून. मग नाही आला.

दर मुलाकातीच्या दिवशी सिंधूबाई खोलीच्या दाराशी येऊन बसायची. मी तिकडून गेलो की विचारायची. आणि माझं तोंड तर तुम्ही आतापर्यंत ओळखलंच असेल. मी सांगायचो, काल येऊन गेला, तू झोपली होती. कधी सांगायचो, मालकानं नवीन गाडी दिली, चौदा चाकांची, हॉर्न वाजवला की नागपूरचे लोक बाजूला होतात. कधी सांगायचो, पोरगी पाहून राहिले त्याच्यासाठी, पोरीचा बाप पटवारी आहे. ती ऐकायची. सुपारी कातरल्यासारखी मान हलवायची. खरं म्हणजे मी त्याला पांढुर्ण्याच्या स्टेशनाबाहेर पाहिला होता. पायऱ्यांवर, गुडघ्यांत डोकं घालून, बाजूला पावडर ओढायची चंदी, म्हणजे चकाकता कागद, जाळलेला.

एक दिवस मी पटवाऱ्याच्या पोरीचं लग्न ठरवण्यापर्यंत आलो, तशी ती म्हणाली, "भाऊ, जिता आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

"मंग बाकीचा राहू द्या."

तो एक शब्द मी खरा बोललो होतो, आणि तिनं बरोबर तेवढाच उचलला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा सरकारी मदतीच्या वकिलानं पुन्हा अर्ज केला आणि तिला जमानत मिळाली. केस सुरूच आहे, पेशीला जावं लागतं. वखारीनं काम दिलं नाही. त्यांच्या मालाच्या पेटीत काय भरेल याचा भरवसा नाही, असं तिथला मुनीम म्हणाला म्हणे. नंतर माझीही रिटायरमेंट झाली. हार घातला, शाल दिली.

आता सकाळी चौकातल्या टपरीवर बसतो. तिथं एक रिटायर मास्तर येतात. मोबाईलवर सध्या एक वाद जोरात आहे, नशा करणाऱ्याला गुन्हेगार धरावं की रोगी. मास्तर म्हणतात, "बाबाराव, धाक पाहिजे. आत टाकल्याशिवाय हे लोक सुधरत नाहीत." मी त्यांच्याशी कडाकडा भांडतो. विकणाऱ्याला सोडा असं मी कधी म्हणणार नाही, त्याला माझ्याकडे द्या, मी त्याच्या जटा तपासतो. पण ओढणाऱ्याला आत टाकून आम्ही काय केलं? पांढरी गोळी दिली, मग पिवळी दिली, आणि त्याच्या आईलाही आत घेतलं. हे मी टेबलावर हात आपटून सांगतो. टपरीवरचे लोक चहा थांबवून ऐकतात. मास्तर माझ्याही चहाचे पैसे देऊन उठतात. मला बरं वाटतं.

यंदा पोळ्याच्या मागंपुढं, दुपारी, फाटकाची कडी वाजली. सिंधूबाई होती. मागं नितेश. मी ओळखला नाही आधी, तिनं नाव घेतलं तेव्हा ओळखला. तो ओट्यावर बसला आणि दोन्ही हात काखेत घालून कापायला लागला. एवढ्या उकाड्यात.

बायकोनं पाणी दिलं. सिंधूबाईनं तांब्या तसाच हातात धरला.

"भाऊ, तुमची अजून ओळख असन जेलात."

"आहे थोडीबहुत. काहून?"

"याले आत टाकता येईन का?"

मी म्हटलं, "बाई, काय बोलून राहिली तू?"

"आत होता तवाच सुटली होती याची. सारं आंग भरलं होतं. बाहीर आला आन् पुन्हा तेच. खिशात पुडी ठेवून पकडून देतो मी, कसंही करा. मी तुमच्या साहेबाचे पाय धरतो."

मी नितेशकडे पाहिलं. मला वाटलं तो चिडेल, उठून जाईल. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "पाहा ना काका. जमत असन तर."

टपरीवर हात आपटून बोलतो ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. रोगी आहे, गुन्हेगार नाही. जेल हा इलाज नाही. एकेक वाक्य चांगलं होतं आणि त्यातलं एकही त्या ओट्यावर ठेवण्यासारखं नव्हतं.

"सिंधूबाई," मी म्हटलं, "दवाखान्यात ने ना याले. आता तर तुले कोणाचा गार्डही नाही लागत."

"तिथूनच तर येऊन राह्यलो, भाऊ. दोन रंगाच्या गोळ्या देल्या आन् घरी न्या म्हणे," ती म्हणाली, आणि तांब्या खाली ठेवून पदरानं त्याचं नाक पुसायला लागली.